गालिच्याखालची जमीन

सांगलीच्या हळदबाजारात अण्णांनी बेचाळीस वर्षे आडत केली. पोत्यात लोखंडी नळी खुपसून काढलेली चार हळकुंडे नाकाशी नेली, की माल नीट वाळला आहे की घाईने भरला आहे, गोदामात त्याला ओल लागली होती का, हे ते डोळे मिटून सांगत. हळदीच्या व्यापाऱ्याचे नाक हाच त्याचा पहिला मापाडी, असे त्यांच्या वडिलांचे म्हणणे होते. पेढी धाकट्या मुलाच्या स्वाधीन केल्यावरही अण्णांचे नाक काही निवृत्त झाले नाही.

मागच्या वर्षी जून महिन्यात अण्णा आणि आक्का थोरल्या मुलाकडे, न्यू जर्सीतील एडिसन येथे गेले. पहिले आठ दिवस कोरडे गेले. नवव्या दिवशी दुपारी पाऊस झाला, हवा दमट झाली आणि घराच्या मागील खोलीत पाऊल टाकताच अण्णा उंबऱ्यावरच थबकले.

“इथे कोणी जनावर बांधलं होतं का?” त्यांनी विचारले.

सुनेने मुलाकडे पाहिले. मुलगा म्हणाला, “अण्णा, ती लाडूची खोली.”

लाडू हा त्यांचा लॅब्राडॉर कुत्रा. तो चौदा वर्षे त्या घरात राहिला. शेवटच्या वर्षी त्याची मूत्रपिंडे थकली. तो सारखे पाणी पिई आणि रात्री दाराशी पोहोचेपर्यंत त्याला धीर निघत नसे. त्याला बाहेर बांधावे किंवा तळघरात ठेवावे, असे सुचवणारे पुष्कळ भेटले. पण बारा वर्षांची नात त्याच्याच अंगावर हात टाकून रांगली होती, चालायला शिकली होती. म्हाताऱ्या जीवाला कोंडायचे नाही, हे घरात कोणी ठरवले नाही. ते ठरलेलेच होते. रोज सकाळी सून गुडघ्यांवर बसून तो कोपरा पुसत असे. लाडू गेला त्याला तेव्हा दीड वर्ष झाले होते. वास मात्र राहिला होता.

तो जावा म्हणून त्यांनी कमी प्रयत्न केले नव्हते. साबणाचे पाणी झाले, सुगंधी पूड झाली, वाफेचे यंत्रही भाड्याने आणून झाले. हिवाळ्यात घर तापवले की हवा कोरडी होई आणि वास गेल्यासारखा वाटे. उन्हाळ्यात पहिल्या पावसाबरोबर तो पुन्हा हजर होई. आता मुलाची बदली टेक्सासला झाली होती आणि घर विकायचे होते. घर विकून देणाऱ्या दलाल बाईंनी अनुभवाचा सल्ला दिला होता: जुना गालिचा काढायचा, त्याच दिवशी नवा अंथरायचा, खाली फार डोकावायचे नाही, आणि शक्यतो कोरड्या दिवशी ग्राहकाला घर दाखवायचे. त्यात त्यांना गैर काही वाटत नव्हते. त्या भागात पुष्कळ लोक तसेच करतात, असे त्या म्हणाल्या.

रात्रीच्या जेवणाला हा विषय निघाला. चोविहार असल्यामुळे अण्णांचे व आक्कांचे जेवण आधीच झालेले होते. ते नुसते बसले होते. मुलगा म्हणाला, “अण्णा, नवा गालिचा टाकला की प्रश्न मिटेल.”

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, जी त्या घरात आक्कांखेरीज कोणालाही ठाऊक नव्हती.

2005 च्या पावसाळ्यात कृष्णेचा महापूर आला, तेव्हा हरिपूरच्या पेवांत पाणी शिरले आणि अण्णांच्या गोदामातही. जमिनीलगतची पोती भिजली. पाणी ओसरल्यावर हळकुंडे गच्चीवर वाळत घातली, पुन्हा पॉलिश करून घेतली. रंग परत आला. वास परत आला नाही. कुबटपणा आतपर्यंत गेला होता. त्या वर्षी कर्जाचे हप्ते होते, बहिणीचे लग्न होते. अण्णांनी त्यांतली अकरा पोती एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याच्या गाडीत खाली घातली आणि वर चांगला माल रचला.

“तक्रार आली असती, तर पैसे परत केले असते,” अण्णा म्हणाले. “तक्रार आलीच नाही. तो माणूस पुन्हा सौद्याला उभा राहिला नाही, इतकंच. वीस वर्षं मी वरून चांगली आणि खालून कुबट अशी ती गाडी बघतोय. तू तसा गालिचा टाकू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी काम सुरू झाले.

घर 1950 च्या दशकातले. त्या काळच्या अमेरिकन घरांत ओक लाकडाच्या अरुंद पट्ट्यांची जमीन सर्रास असे. नंतर भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा खिळवण्याची आवड वाढली आणि पुष्कळ घरांत ते चांगले लाकूड त्याखाली झाकले गेले. या घरातही तसेच झाले होते. गालिच्याखाली स्पंजसारखे जाड अस्तर, आणि त्याखाली सव्वादोन इंच रुंदीच्या पट्ट्यांचे ओक. लाडूचे मूत्र वरच्या धाग्यांतून अस्तरात आणि अस्तरातून लाकडात मुरले होते. सून रोज पुसत होती तो फक्त पहिला थर.

सून औषधनिर्माणशास्त्र शिकलेली. तिने अण्णांना कारण समजावून सांगितले. मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि अमोनिया होतो. डोळ्यांना झोंबणारा वास तो. पण त्यात यूरिक आम्लही असते. वाळल्यावर त्याचे स्फटिक होतात आणि ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत. साबणाने बाकीचे धुऊन जाते, स्फटिक लाकडाच्या रंध्रांत बसून राहतात. हवा दमट झाली की वास पुन्हा सुटतो. वाफेच्या यंत्राने तर उलटेच झाले असावे. उष्णतेने डाग आणि वास धाग्यांत अधिक पक्के बसतात.

“म्हणजे पेवासारखंच,” अण्णा म्हणाले. “वरून जमीन सपाट, आत काय आहे ते तोंड उघडल्यावर कळतं.”

आदल्या रात्रीच सगळे दिवे मालवून सुनेने अतिनील प्रकाशाची छोटी विजेरी खोलीभर फिरवली होती. त्या प्रकाशात वाळलेले मूत्र फिकट पिवळसर-हिरवे चमकते. सर्वांना एकच कोपरा ठाऊक होता. दिसले पाच डाग. खिडकीखाली, कपाटाच्या मागे, आणि नातीच्या जुन्या पलंगाची जागा होती तिथे. नातीने प्रत्येकाभोवती खडूने वर्तुळ काढले. पलंगाजवळच्या वर्तुळापाशी ती थोडा वेळ बसून राहिली.

सकाळी मुलाने तोंडाला मास्क आणि हातांत जाड मोजे घालून गालिच्याचा कोपरा पकडीने उचलला. गालिचा अखंड ओढून काढण्याऐवजी सुरीने हातभर रुंदीच्या पट्ट्या कापून त्याने एकेक गुंडाळी बाहेर नेली. डागांखालचे अस्तर तपकिरी पडून कडक झाले होते; त्याचे तुकडे जाड पिशव्यांत बांधून लगेच घराबाहेर काढले. भिंतीलगत गालिचा धरून ठेवणाऱ्या, बारीक खिळे वर आलेल्या लाकडी पट्ट्या असतात. त्याही मूत्राने भिजल्या होत्या. कित्येक लोक त्या तशाच ठेवतात आणि पुढे वास कुठून येतो हे शोधत बसतात. मुलाने त्या सपाट पहारीने उपटल्या. अस्तराच्या शेकडो पिना पकडीने काढण्याचे काम आक्कांनी खुर्चीवर बसून, वाकून, दोन दुपारी केले.

मग अण्णांनी सर्वांना खोलीबाहेर काढले. पेवाचे तोंड उघडले की लगेच आत उतरायचे नसते, आधी हवा खेळू द्यायची असते. खिडक्या उघडून, पंखा बाहेरच्या दिशेने लावून त्यांनी खोली दिवसभर तशीच ठेवली.

लाकडावर तीन ठिकाणी फिकट डाग होते आणि दोन ठिकाणी जवळजवळ काळे. ओकमध्ये टॅनिन असते. अमोनियाशी संयोग झाला की ते काळवंडते. ओकच्या फर्निचरला गडद छटा आणण्यासाठी कारागीर ते मुद्दाम अमोनियाच्या वाफेत ठेवत, ती हीच क्रिया. म्हणजे तो काळेपणा लाकडावर बसलेला मळ नव्हता. लाकडाचाच रंग बदलला होता. तो घासून जाणार नव्हता.

अण्णांना वाटले, कपडे शुभ्र करण्याचे ब्लीच ओतले तर झटपट होईल. त्यांनी बाटली उचललीही. सून धावत आली. “अण्णा, ते नको. अमोनिया असलेल्या जागी क्लोरिनचं ब्लीच पडलं की विषारी वायू होतो. बंद खोलीत जिवावर बेतू शकतं.” अण्णांनी बाटली तिच्या हातात दिली आणि त्यानंतर तिला विचारल्याशिवाय एकाही बुचाला हात लावला नाही.

पहिला उपाय एन्झाइमयुक्त द्रवाचा. यूरिक आम्लाचे स्फटिक फोडण्याचे काम साबणाला जमत नाही, ते एन्झाइमांना जमते. पण त्यांना वेळ लागतो आणि तोवर जागा ओलसर राहावी लागते. गालिच्यावर तो द्रव भरपूर ओतता येतो, लाकडावर नाही. जास्त पाणी मुरले तर पट्ट्यांच्या कडा उचलल्या जातात. म्हणून सुनेने द्रव फडक्याने, बेताने लावला, वर प्लॅस्टिक अंथरले, रात्रभर ठेवले, सकाळी पुसून घेतले आणि दोन दिवस पंख्याखाली पूर्ण वाळू दिले. मग पुन्हा तेच. असे चार वेळा झाले. दोन वेळांच्या मध्ये एक दिवस वास आधीपेक्षा वाढला, तेव्हा मुलगा खचला. पण जुने साठलेले विरघळू लागले की असे होते, हे सुनेला ठाऊक होते.

काळ्या डागांवर औषधाच्या दुकानातील तीन टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरले. त्यात भिजवलेले फडके डागावर पसरले, वर प्लॅस्टिक घातले, काही तासांनी पाहिले. तीन डाग जवळजवळ मिटले. चौथा तपकिरी झाला. पाचवा, खिडकीखालचा, हटेना. तिथे लाकूड बोटाने दाबले तर मऊ लागत होते.

आता लाकडाला बंद करणारा लेप द्यायचा होता. रंगाच्या दुकानातील अनुभवी माणसाने क्षणभरही विचार न करता एक डबा पुढे केला. अशा वासाला याच्यासारखे काही नाही, दोन हात मारले की वास आतल्या आत कोंडला जातो, असे तो म्हणाला. अण्णांनी डब्यावरील अक्षरे जुळवून वाचली: शेलॅक.

“म्हणजे लाख,” ते म्हणाले.

लाख म्हणजे पळस, कुसुम, बोर अशा झाडांच्या डहाळ्यांवर राहणाऱ्या किड्यांचा स्राव. डहाळ्या तोडून, खरवडून, उष्णतेने वितळवून ती काढतात. त्यात किडे किती जातात याची मोजदाद नाही. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा व्यवसायांत लाक्षावाणिज्य मोजले आहे ते याचसाठी. अण्णांनी ते लहानपणी पाठशाळेत पाठ केले होते.

आक्का हसल्या. “पेढीवरच्या पार्सलांना लाखेची मोहर कोण लावत होतं? मेणबत्तीवर लाख धरून तुमचीच बोटं भाजायची.”

“लावत होतो,” अण्णा म्हणाले. “तेव्हा विचार केला नाही. आता डबा हातात आहे आणि अर्थ ठाऊक आहे.”

मुलाने शांतपणे अडचण मांडली. शेलॅक वास कोंडून ठेवण्यात खरोखर चांगले. दुसरा लेप घेतला तर त्याच्या भरवशावर राहता येणार नाही. लाकूड मुळातूनच स्वच्छ करावे लागेल, आणि खिडकीखालच्या पट्ट्या कापून बदलाव्या लागतील. वेळ जाईल, पैसा जाईल.

निर्णय सुनेने केला. ती म्हणाली, “झाकायचं नाही असं म्हणून आपण गालिचा काढला. मग पुन्हा वास आत ठेवून वरून लेप कशाला? घाण निघेपर्यंत काढू या.”

घर 1978 पूर्वीचे असल्यामुळे जुन्या लेपात शिसे असण्याची शक्यता होती. अमेरिकेत घरांसाठी शिसेयुक्त रंगावर बंदी आली ती त्या वर्षी. म्हणून घासण्याआधी तपासणी करून घेतली. शिसे निघाले नाही. सुताराने खिडकीखालच्या सहा पट्ट्या कापून काढल्या. त्यांची खालची बाजूही काळी पडलेली होती. तिथली मूळ फळी दोनदा साफ करून, वाळवून, वर नव्या ओकच्या पट्ट्या बसवल्या. मग संपूर्ण जमीन यंत्राने घासली. मात्र घासणे हे वास गेल्यानंतरचे काम, आधीचे नव्हे. आधी घासले तर मूत्राची पूड खोलीभर उडते.

घासताना पलंगाजवळचा तो तपकिरी डाग राहिला. सुतार म्हणाला, आणखी खोल घासले तर जाईल. नात दाराशी उभी होती. तिने विचारले, “आजोबा, लाडूनं घर खराब केलं का?”

अण्णा खाली बसले. त्यांनी डागावर नाक नेले, हुंगले, पुन्हा हुंगले. “नाही गं. तो म्हातारा झाला होता, त्याला कळत नव्हतं. पहिल्याच दिवशी गालिचा उचलला असता, तर पाण्यानं पुसून गेलं असतं. झाकून ठेवलं, म्हणून मुरलं.” मग ते सुताराला म्हणाले, “वास नाही. राहू द्या हा.”

पाण्यावर आधारित पॉलियुरेथेनचे तीन हात दिले, प्रत्येक हात वाळू देऊन. ऑगस्ट उजाडला. अण्णांचा एक हट्ट मात्र उरला होता. खोलीची परीक्षा कोरड्या दिवशी घ्यायची नाही. जोराचा पाऊस झाला त्या दिवशी त्यांनी खिडक्या बंद केल्या, वातानुकूलन बंद केले, आणि चार तासांनी एकटेच आत गेले. खोलीच्या चारही कोपऱ्यांत वाकून, गुडघे टेकून ते फिरले. बाहेर आल्यावर एवढेच म्हणाले, “लाकडाचा वास येतोय.”

घर पाहायला आलेल्या जोडप्यालाही मुलाने दमट दिवशीच बोलावले. दलाल बाईंना ते पसंत नव्हते. बाईने पलंगाजवळचा डाग पाहून विचारले, तेव्हा मुलाने सर्व सांगितले: कुत्रा, पाच डाग, बदललेल्या सहा पट्ट्या, वापरलेला लेप. गालिच्याखालील लाकडाची आणि कापून काढलेल्या पट्ट्यांची छायाचित्रे दाखवली. ते जोडपे दोन दिवस विचार करत राहिले आणि सांगितलेल्या किमतीतून काही हजार डॉलर कमी करून घर घेण्यास तयार झाले. मुलाचा चेहरा थोडा उतरला. अण्णा म्हणाले, “हा कडता आहे. माल बघून, ग्राहकानं समोरासमोर लावलेला कडता. तो द्यावा. पुन्हा त्याला तोंड दाखवायला लाज वाटत नाही.”

सप्टेंबरात अण्णा आणि आक्का सांगलीला परतले. दशलक्षण पर्व आले आणि संपले. क्षमावणीच्या दिवशी अण्णांनी जुन्या खातेवहीतून एक नाव शोधले आणि त्या गावी दूरध्वनी केला. तो व्यापारी वारला होता. पेढीवर मुलगा बसत होता. अण्णांनी अकरा पोत्यांची गोष्ट सांगितली. पलीकडून तो तरुण संकोचाने म्हणाला, “काका, त्या वर्षी सगळ्यांचाच माल भिजला होता. आमच्या वडिलांनी कधी तुमचं नाव काढलं नाही. जाऊ द्या.”

फोन ठेवल्यावर अण्णा बराच वेळ ओट्यावर बसून होते. मग त्यांनी धाकट्या मुलाला बोलावले, 2005 सालचा हळदीचा भाव आणि अकरा पोत्यांचे वजन सांगितले, आणि हिशेब मांडायला बसवले. व्याज किती धरायचे, असे मुलाने विचारले. अण्णा म्हणाले, “आपण उधारीवर लावतो तेवढंच.”